पाच जणींचा संघ

९ जानेवारी

मास्तर,

नमस्कार. फोन करणार नव्हतेच. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते तुम्ही मान्य करत नाही. कागदावर निदान मधे बोलता येणार नाही तुम्हाला.

खुब्याचं ऑपरेशन नीट झालं हे तुमच्या लेकीकडून कळलं. तिच्या घरी तुम्ही शहाण्यासारखे राहताय हेही तिनेच सांगितलं, पण तिचा आवाज थकलेला होता.

तुम्ही निवृत्त होऊन गेल्यापासून इथे बरंच काही बदललंय. तुमच्या जागी पुरुष संघाला नवा प्रशिक्षक आलाय. पोरगा भला आहे, फक्त खेळाडूंना शिट्टी वाजवून बोलावतो. मी एकदा म्हटलं, "अरे, नावं आहेत त्यांना." तर म्हणाला, "मॅडम, अजून पाठ व्हायचीत." असो.

खरी गोष्ट वेगळीच आहे. माझी सहावी मुलगी गेली. मोठ्या विद्यापीठाने बोलावलं, तिथे छप्पर असलेली कोर्ट्स आहेत. तिला बोल लावत नाही, मीही गेले असते. पण माझ्याकडे आता पाचच उरल्या. एका लढतीत सहा एकेरी सामने आणि तीन दुहेरी. पाच जणी उतरल्या की एक एकेरी आणि एक दुहेरी न खेळताच समोरच्यांना. म्हणजे गाडीतून उतरण्याआधीच आम्ही दोन-शून्यने मागे.

संचालकांनी बोलावून घेतलं. तुमचा डावरा हो! तुम्ही त्याला डावखुरी सर्व्हिस शिकवलीत, आज तो क्रीडा संचालक होऊन फिरत्या खुर्चीत बसतो. म्हणाला, "बाई, पाच जणींना संघ म्हणतात का?"

मी म्हटलं, "सहावीची जागा रिकामी आहे सर. संघ रिकामा नाही."

तो हसला. मग खरं बाहेर आलं. आमची दोन कोर्ट्स प्रशासनाच्या इमारतीला लागून आहेत आणि साहेबांच्या गाड्यांना जागा नाही. पुरुषांची दोन मागे, टाकीपाशी, तिथे गाडी जात नाही. म्हणून मुलींचा संघ बंद आणि कोर्टांवर वाहनतळ. एप्रिलमध्ये क्रीडा समितीची बैठक आहे, तिथे निर्णय.

आम्ही यंदा पाच जणींनिशीच खेळणार. प्रत्येक लढत, एकही न सोडता. मुलींनी मला विचारलंसुद्धा नाही, कप्तानने थेट सांगितलं.

तुमच्याकडे मागणं एकच. डावरा तुमचा शब्द मोडत नाही. त्याला चार ओळी लिहा.

बाई

१७ जानेवारी

बाई,

तुमचं पत्र लेकीने मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं आणि "मान्य करत नाही" वर एवढी हसली की पुढचं मीच वाचलं.

मी मजेत आहे. सकाळी चालायला लावतात, हातात चार पायांची लोखंडी घोडी देतात. नात मागून गुण मोजत येते. भिंतीला घोडी लागली की "आउट!" म्हणून ओरडते. काल मी तिच्याशी वाद घातला. जावई म्हणाला, "बाबा, ती पाच वर्षांची आहे." मी म्हटलं, "म्हणून काय चुकीचा निर्णय देईल?"

डावऱ्याचं ऐकून वाईट वाटलं. पण तो पोरगा मनाने वाईट नाही, बाई. लहानपणी हरला की रॅकेट फेकायचा आणि मग स्वतःच जाऊन उचलून पुसायचा. त्याच्यावरही वरून दडपण असणार. तुम्ही त्याच्या समोर एकदम उभ्या ठाकता, तो बिचकतो. जरा सबुरीने घ्या.

लिहितो त्याला. आजच लिहितो. काहीतरी मधला मार्ग निघेल.

पाच जणींनी खेळायचं हे धाडस आहे खरं, पण पोरी दमतील. पाचपैकी चौघींना एकेरीही आणि पुढे दुहेरीही. सांभाळा.

मास्तर

१२ फेब्रुवारी

मास्तर,

चार लढती झाल्या. चारही हरलो. पण कशा हरलो ते ऐका.

पहिली सात-दोन. दुसरी सात-दोन. तिसऱ्या लढतीला विद्यापीठाने गाडी दिली नाही, "चालक रजेवर" म्हणे. आम्ही साध्या बसने गेलो, रॅकेटच्या पिशव्या मांडीवर. खारुताई, माझी सगळ्यांत लहानखुरी, एका आजोबांच्या शेजारी बसली. आजोबांनी विचारलं, "तंबोरा शिकतेस का?" ती म्हणाली, "हो, पण सूर लागत नाही." पोहोचलो तेव्हा समोरचा संघ सरावसुद्धा आटोपून बसला होता. त्यांची बाई मला म्हणाली, "आम्हाला वाटलं तुम्ही येणार नाही. आम्ही जिंकलो असं लिहूनच टाकणार होतो." मी म्हटलं, "दोन गुण लिहा. बाकीच्यांसाठी पेन खाली ठेवा." ती लढत सहा-तीनने गेली.

चौथी पाच-चार. पाच-चार, मास्तर! शिडी, म्हणजे माझी उंच मुलगी, तिसऱ्या सेटमध्ये पायात गोळा येऊन खाली बसली. मी टॉवेल घेऊन धावले, तर म्हणते, "बाई, बाजूला व्हा, सावली पडतेय." उठली आणि जिंकली.

आता माझा प्रश्न. काल संचालक व्हरांड्यात भेटले आणि चक्क गोड बोलले. म्हणाले, "तुम्ही उगाच ताणताय. मास्तरांचंही तेच मत आहे, त्यांनी लेखी कळवलंय. समितीपुढे मी त्यांचंच पत्र ठेवणार आहे."

काय लिहिलंत तुम्ही?

बाई

२० फेब्रुवारी

बाई,

सरळ सांगतो.

मी त्याला लिहिलं की मुलींचा संघ विद्यापीठाचं भूषण आहे. तुमच्याबद्दलही चांगलं लिहिलं, ते इथे परत लिहीत नाही, तुम्ही फुगाल. मग लिहिलं की पाच जणींनी पूर्ण मोसम खेळणं पोरींच्या अंगावर येणार. तेव्हा बंद करण्यापेक्षा संघाला एक वर्ष विश्रांती द्यावी. तेवढ्या काळात मुलींनी पुरुषांच्या कोर्टांवर मुलांबरोबर सराव करावा, सहा-सात जणी जमल्या की पुन्हा उभं राहावं. दोन कोर्ट्सचं तेवढ्यापुरतं काय करायचं ते त्याने बघावं.

मला तो मधला मार्ग वाटला.

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. आपल्या लढतींना पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे ज्याचं त्याने सांगायचं. मी आयुष्यभर मुलांना एकच शिकवलं की डोळ्यांना शंका आली तर गुण समोरच्याला द्यायचा, मग तो सामन्यातला शेवटचा गुण का असेना. डावऱ्यालाही तेच शिकवलं. पाच जणी म्हणजे संघ की नाही, इथे मला शंका होती. मी शंकेचा गुण त्याला दिला. तोही तसाच वागेल, असं धरून चाललो.

तो ते पत्र समितीपुढे ठेवेल असं मनात आलं नाही.

रागावू नका.

मास्तर

२५ फेब्रुवारी

मास्तर,

रागावले आहे.

तुम्ही शिकवलंत ते मीही शिकवते. परवाच्या लढतीत कप्तानने मॅच पॉइंटला रेषेजवळचा चेंडू आत दिला आणि सामना घालवला. कोणी तिला विचारलंही नाही, तिने स्वतःच हाताने 'आत' दाखवलं. मी तिला जवळ घेतलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही आणि कधी असणारही नाही.

पण ज्याच्या बाजूला चेंडू पडतो त्याने सांगायचं असतं ना? हा चेंडू आमच्या बाजूला पडला होता. तुम्ही दोनशे मैलांवर पलंगावर बसून, नेटच्या पलीकडच्या माणसाला विचारून निर्णय दिलात. शंका तुम्हाला होती. आम्हाला नव्हती. पाचपैकी एकीलाही नव्हती.

आणि कचेरीत समोरचा माणूस त्याच्या बाजूचे चेंडू कधी आत देतो? तिथे दोन्ही बाजूंच्या रेषा तोच सांगतो. तुमच्या डावऱ्याने तुमचा गुण घेतला आणि धन्यवादसुद्धा म्हटलं नाही.

"विश्रांती" शब्द किती छान सापडला तुम्हाला! बंद करणाऱ्याला लाज वाटली असती. विश्रांती देणाऱ्याला वाटणार नाही, उलट लोक म्हणतील, केवढी काळजी. दोन कोर्टांवर एकदा गाड्या लागल्या की त्या एका वर्षाने उठतील असं तुमच्या नातीला सांगा. तीही "आउट" म्हणेल.

पोरी दमतील म्हणता. तुमच्या मुलांना पाय दुखतो म्हणून तुम्ही कधी वर्षभर घरी बसवलंत? तुमचा एक पठ्ठ्या बोट मोडलेलं असताना खेळला, त्याचा फोटो तुम्ही खोलीत लावला होतात. माझी शिडी खेळली की तिला विश्रांती!

आता कोणाला काही लिहू नका. मलाही नको. मोसम संपेपर्यंत मला उत्तरं द्यायला वेळ नाही.

बाई

६ मार्च

बाई,

लिहू नका म्हणालात, तरी एवढंच कळवतो. डावऱ्याला लिहून मी माझं मत मागे घेतलं. त्याचं उलट टपाली उत्तर आलं, "मास्तर, आता कागद पुढे गेलाय. तुम्ही तब्येत सांभाळा."

मीही आता तब्येत सांभाळण्यातला झालो.

फोटोबद्दल तुम्ही बरोबर बोललात. दोन दिवस जेवताना तेच डोक्यात होतं. लेक म्हणाली, "बाबा, दुखतंय का?" मी म्हटलं, "हो."

मास्तर

२८ मार्च

बाई,

तुमच्याकडून काही नाही. शेवटची लढत आपल्याच कोर्टांवर आहे, एवढं वेळापत्रकावरून आठवतं. मी यावं का? लोखंडी घोडी सोडून आता काठीवर आलोय. जावई सोडायला तयार आहे, लेक नाही. समितीपुढे उभा राहून सांगेन की ते पत्र चुकीचं होतं. तुम्ही नुसतं हो म्हणा.

मास्तर

३ एप्रिल

मास्तर,

नाही. येऊ नका.

रागाने म्हणत नाहीये, राग थोडा उतरलाय. पण तुम्ही आलात की बैठक तुमची होईल. सगळे तुमच्या काठीकडे बघतील, तुम्हाला खुर्ची देतील, आणि मुलींचा संघ तुमच्या सांगण्यावरून राहिला किंवा गेला असं होईल. मला ते नको. तो आमच्या सांगण्यावरून राहायला हवा.

आता लढतीचं सांगते, कारण ते तुम्हाला न सांगता मला राहवत नाही.

आदल्या दिवशी सकाळी आम्ही सरावाला आलो तर रंगारी कोर्टावर. पिवळे जाड पट्टे मारत होता, गाड्यांसाठी. बैठक व्हायची होती, निर्णय व्हायचा होता, पण पट्टे मारून झाले होते! मी त्याला विचारलं, "कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "ताई, मला फक्त रंग सांगतात." दोन्ही कोर्टांवर तिरक्या पिवळ्या रेघा, आमच्या पांढऱ्या रेषांवरून आरपार. नेट काढून गुंडाळून ठेवलं होतं. मुलींनी ते पुन्हा लावलं. खारुताई खांबावर चढली, शिडीने खालून ओढलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणा संघ आला. त्यांची कप्तान कोर्टाकडे बघतच राहिली. "यातली रेषा कुठली?" आमची कप्तान म्हणाली, "पांढरी. पिवळी आमच्या संचालकांची आहे." त्या पोरी हसल्या आणि खेळायला उतरल्या. पुरुषांच्या कोर्टांवर चला, असं शिट्टीवाला प्रशिक्षक सांगायला आला होता. त्याच्या मनात वाईट नव्हतं. कप्तानने त्याला हात जोडून परत पाठवलं.

मधेच संचालक आले. कोर्टाच्या दारातून म्हणाले, "खेळ थांबवा, इथे परवानगी नाही." कप्तान सर्व्हिस करत होती. तिने चेंडू दोनदा आपटला, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "सर, दुसरी सर्व्हिस आहे. जरा थांबा." आणि ते थांबले, मास्तर! तुमचा डावरा दुसऱ्या सर्व्हिसला थांबला. तुम्ही शिकवलेलं तेवढं राहिलंय त्याच्यात. गुण झाल्यावर पुन्हा तोंड उघडलं, तर दुसरा सुरू झाला होता. तीन-चार गुणांनी कंटाळून ते निघून गेले.

हरलो. पाच-चार.

मी मुलींना म्हटलं, "खेळलेल्या सातांतले चार तुम्ही जिंकलात. न खेळता गेलेले दोन वजा केले तर लढत आपली." कप्तान पट्टी सोडत होती मनगटाची. म्हणाली, "वजा करायचे नाहीत बाई. पुढच्या वर्षी सहावी आणायची."

बैठक चौदाला आहे.

बाई

८ एप्रिल

बाई,

येत नाही. लेकीला सांगितलं, "बाई येऊ नका म्हणाल्या," तर ती म्हणाली, "मी दोन आठवडे तेच म्हणतेय, तेव्हा नाही ऐकलंत."

घरी बसून राहणं माझ्या हातून आजवर झालेलं नाही, ते करून बघतो.

पांढऱ्या रेषेवर पिवळा आडवा आला की चेंडू उशिरा दिसतो. त्यावर सात सामने खेळल्या पोरी! मी माझ्या मुलांना उतरवलं नसतं. हे मत नाही, नुसतं सांगतोय.

कळवा.

मास्तर

१९ एप्रिल

मास्तर,

बैठक झाली.

मुली बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या, खेळाच्या कपड्यांत. मी सांगितलं नव्हतं. आत जाणाऱ्या प्रत्येक सदस्याला उठून "नमस्कार सर" म्हणत होत्या. पाच जणी एकदम उठायच्या. तिसऱ्या सदस्याने घाबरून छत्री पाडली.

संचालकांनी तुमचं पत्र वाचून दाखवलं. चांगलं लिहिता तुम्ही, वाईट हे की चांगलं लिहिता. मग म्हणाले, "तेव्हा सर्वांच्या हितासाठी महिला संघास एक वर्ष विश्रांती."

मी उभी राहिले. म्हटलं, "मास्तरांनी हे पत्र मागे घेतलंय, संचालकांना ते माहीत आहे. आणि मागे घेतलं नसतं तरी मास्तर पुरुष संघाचे होते. महिला संघाची प्रशिक्षक मी आहे. विश्रांती मी मागितलेली नाही. ज्यांना द्यायची त्या बाहेर बसल्यात, त्यांनीही मागितलेली नाही. पाच जणींनी मोसमातली एकही लढत सोडली नाही. बसने गेल्या. गाड्यांच्या पट्ट्यांवर खेळल्या. संघ नको असेल तर नको म्हणा. इतिवृत्तात 'बंद' लिहा, आणि ज्यांना बंद हवा त्यांनी हात वर करा. मी ती नावं आत्ता बाहेर जाऊन मुलींना सांगणार आहे."

समितीतले ग्रंथपाल वर पंख्याकडे बघत बसले. संचालकांचा हात अर्धा वर गेला, मग त्यांनी कान खाजवला. अध्यक्षांनी सगळ्यांकडे बघितलं आणि लेखनिकाला म्हणाले, "लिहा, पुढील वर्षी संघ उतरेल. सहा जणी असाव्यात अशी अपेक्षा." मी म्हटलं, "अपेक्षा आमचीही आहे." कोर्टांचं मात्र टाळलं. "वाहनतळाचा विषय बांधकाम समितीकडे," म्हणाले.

म्हणजे संघ आहे, आणि त्याच्या कोर्टांवर गाड्या.

सोमवारी सकाळी आलो तर एका कोर्टावर तीन-चार गाड्या आणि दुसऱ्यावर, बेसलाइनच्या जरा पुढे, संचालकांची गाडी. नुकतीच धुतलेली. मी वर निरोप पाठवला. उत्तर आलं, "तासाभरात हलवतो." कप्तान म्हणाली, "असू दे बाई. आम्ही तोवर खेळतो." नेट लावलं. गाडीच्या अलीकडे-पलीकडे दोघी उभ्या राहिल्या आणि सर्व्हिसचा सराव सुरू झाला.

दुसरा की तिसरा चेंडू टपावर बसला. असा आवाज झाला की कचेरीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. संचालक किल्ली हातात घेऊन जिन्यावरून धावत खाली आले. "मुद्दाम मारताय तुम्ही!"

कप्तान म्हणाली, "नाही सर. मुद्दाम हवा तिथे मारता आला असता तर यंदा आम्ही हरलो नसतो."

त्यांनी गाडी काढली. दुपारपर्यंत बाकीच्यांनीही काढल्या. बांधकाम समिती काय ठरवायचं ते ठरवो. आम्ही रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी तिथे खेळतोय, आणि कोणी गाडी लावायला आलं की शिडी अगदी नम्रपणे सांगते, "लावा की, काका. आम्ही काळजी घेऊ, फक्त हमी देत नाही."

सहावी मिळालीय. बॅडमिंटन खेळायची, पाय सुरेख आहेत, पण मनगट एवढं फिरवते की चेंडू झाडावर जातो. पकड बदलायला हवी, आणि पकड बदलण्यात तुमच्यासारखं मला कधी जमलं नाही. तिला माझ्यासमोर शिकवायचं, माझ्या कोर्टावर, मी सांगेन त्या वेळेला.

तेव्हा आता या. खुबा घेऊन या, काठी घेऊन या. मत तेवढं लेकीच्या घरी ठेवून या.

बाई